हार नको, हिशोब मागा

गावांनी डेटा सेंटरचं स्वागत करावं की नाही, यावर सध्या जोरात चर्चा चालू आहे. मंत्री चर्चा करत नाहीत, ते करार करतात. दलाल चर्चा करत नाहीत, ते टोकन देतात. चर्चा करतात ते आपले शिकलेले मित्र. अर्धे म्हणतात, विकास दारात आलाय, हार घेऊन उभे राहा. अर्धे म्हणतात, गाव वाचवा, काळी आई विकू नका. दोघांचंही ऐकून घेतलं. आता माझं ऐका.

गाव गाव काय करताय? गाव म्हणजे कोण?

मी भिवंडी तालुक्यातल्या एका गावचा. बाप भिवंडीत माग चालवायचा, आई पावसाळ्यात दुसऱ्याच्या खाचरात भात लावायची. आमच्या गावात सातबाऱ्यावर नाव असलेले वेगळे आणि नसलेले वेगळे. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे बौद्धवाडी, माळाच्या टोकाला कातकऱ्यांची वाडी. जमिनीचा भाव वाढला की अलीकडे बंगल्यावर मजला चढतो. पलीकडे ट्रकची धूळ येते. काळी आई काळी आई म्हणून जे गळा काढतात त्यांना ती आई असेल. आम्हांला तिने कधी पोटाशी धरलं? आम्ही तिच्या अंगावर मजुरीने राबलो आणि संध्याकाळी ओढ्यापलीकडे गेलो.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडला, तेव्हा गावाचे गोडवे गाणाऱ्यांना तिथल्या तिथे झापलं होतं. गाव म्हणजे संकुचितपणाचं, अडाणीपणाचं आणि जातीयतेचं घर, असा त्यांचा रोख होता. घटनेने गाव सोडून माणूस हा घटक धरला याचा त्यांना आनंद होता. तेव्हा 'गावाने' काय करावं हा प्रश्नच मी घेत नाही. गावातल्या भूमिहीन माणसाने काय करावं, हा प्रश्न घेतो.

आधी ही चीज काय आहे ते साध्या भाषेत. आपण मोबाइलवर पैसे पाठवतो, व्हिडिओ बघतो, रेशनच्या दुकानात अंगठा लावतो, त्याची नोंद कुठेतरी ठेवावी लागते. ती ठेवणारे हजारो कॉम्प्युटर एका बंद इमारतीत रॅकवर रचलेले असतात. ते डेटा सेंटर. त्याला लाडाने नाव दिलंय क्लाउड, म्हणजे ढग. हा ढग पाऊस पाडत नाही, उलट प्यायला मागतो. कॉम्प्युटर रात्रंदिवस तापतात, त्यांना रात्रंदिवस गार ठेवावं लागतं. म्हणून त्याला चार गोष्टी लागतात: जमीन, वीज, पाणी आणि केबल. माणूस पाचवा, आणि तोही अगदी थोडा.

आता आपल्या तालुक्याचा नकाशा समोर ठेवा. तिकडे चंद्रपूरला कोळसा जाळतात, ती वीज साडेसातशे किलोमीटर तारेवरून येते आणि उतरते आपल्या पडघ्याला. १,५०० मेगावॉटची ही लाइन १९९९ पासून चालू आहे. मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा धरणांतून येतं ते आपल्याच तालुक्यातून, माणूस आत उभा राहील एवढ्या पाइपांतून. तानसा १८९२ चं. पांजरापूरला पाणी शुद्ध करतात ते मुंबईसाठी. वीज आमच्या डोक्यावरून जाते, पाणी आमच्या पायाखालून जातं. शिवाय मुंबई-नाशिक हायवे आहे, सपाट खाचरं आहेत. डेटा सेंटरला जे जे लागतं ते ते इथे आयतं पडलंय.

आणि ती जवळ येतायत. ऐरोली, रबाळे, महापे इथे एमआयडीसीत त्यांची रांग लागलीय. पनवेलला २०२० साली मोठं सेंटर सुरू झालं. कल्याण-शीळ रस्त्यावर पलाव्यात डेटा सेंटर पार्क करायचा म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने लोढा कंपनीशी ३०,००० कोटींचा करार केला. तिकडे ऐरोली, इकडे पलावा, वर आपण. गोदामाच्या मालकाला आकडेमोड शिकवावी लागत नाही. खोक्यांपेक्षा कॉम्प्युटर ठेवले तर भाडं किती, एवढं त्याला लगेच कळतं. म्हणून बोलायचं ते आता बोला. गेट लागल्यावर वॉचमनशी बोलून काही होत नाही.

स्वागत करून काय मिळतं, याची रंगीत तालीम आपल्याकडे झालेली आहे. तिचं नाव गोदाम. मुंबईत जकात होती, ग्रामपंचायतीच्या हद्दीत नव्हती. म्हणून व्यापाऱ्यांनी माल वेशीबाहेर ठेवायला सुरुवात केली. काल्हेर, कशेळी, पूर्णा, वळ, दापोडे, माणकोली, राहनाळ. भाताची गावं पत्र्याची झाली. २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र आणखी फुगली, कारण ऑनलाइनवाल्यांना माल साठवायला हीच जागा सोयीची. तेव्हाही हार घातले होते. तेव्हाही भूमिपुत्रांना नोकऱ्या म्हणून फलक लागले होते.

मी स्वतः अशा एका गोदामात दीड वर्ष काढलंय. बीकॉम झालो होतो. काम काय, तर खोकं उचल, स्कॅन कर, पट्ट्यावर टाक. पगार ठेकेदाराचा, ओळखपत्र ठेकेदाराचं. आणि ठेकेदार कोण? ज्याची जमीन त्या गोदामाखाली गेली त्याचा सख्खा भाचा. अकरा महिने भरले की कागदावर घरी बसवायचं, आठ दिवसांनी नवा म्हणून परत घ्यायचं. पीएफचं विचारलं की, "उद्यापास्नं येऊ नको." वस्तीतल्या बाया तिथेच झाडू मारायला होत्या. त्यांतल्या दोघी दहावी पास. तुम्हांला काय येतं, असं त्यांना कुणी विचारलंच नाही. आडनाव बघितलं आणि झाडू दिला. ज्याची जमीन त्याला भाडं आणि ठेका. ज्याची नाही त्याला हमाली आणि झाडू. पत्र्याखाली जुनं बलुतंच चालू राहिलं.

वळ गावात २९ एप्रिल २०२३ ला खाली गोदाम आणि वर माणसं राहत असलेली इमारत कोसळली. आठ जण मेले. साठवणीसाठी बांधलेल्या जागेत माणूस कुठे बसतो, हे त्या दिवशी दिसलं.

तरी गोदामाने निदान हात मागितले. डेटा सेंटर हातही मागत नाही. हिशोब करून बघा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये डेटा सेंटरना 'पायाभूत सुविधा' हा दर्जा दिला, म्हणजे रस्ते आणि पुलांच्या पंगतीत बसवलं, कर्ज स्वस्तात मिळावं म्हणून. किमान क्षमता ठरली ५ मेगावॉट. हे ५ मेगावॉट म्हणजे किती? साध्या मागाची मोटर साधारण एक हॉर्सपॉवरची, म्हणजे पाऊण किलोवॉटची. तेवढ्या विजेवर साडेसहा हजार माग चालतील. एक कारागीर सहा माग सांभाळतो असं धरा, पाळ्या दोन धरा. दोन हजारांवर कारागीर झाले. कांडीवाले, सायझिंगवाले, जॉबर, ताग्याच्या घड्या घालणारे वेगळे, नाक्यावरचा चहावाला वेगळा. आणि तेवढीच वीज खाणाऱ्या डेटा सेंटरात? वॉचमन, सफाईवाले धरून काही डझन माणसं. शिवाय ५ मेगावॉट हे बारकं पोर झालं. आता जी उभी राहतात ती त्याच्या दसपट, वीसपट.

म्हणून माग चांगला होता, असं मी म्हणत नाही. बापाचे कान मागाच्या खडखडाटाने गेले, छातीत कापूस बसला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तिकडे न निघणारं कापड भिवंडीच्या शेडांत विणलं गेलं. फॅक्टरी ॲक्ट लागू नये म्हणून एकाच शेडमध्ये चार नावांची चार युनिटं. भिवंडीत यंत्र आलं ते कायदा चुकवून आलं. डेटा सेंटर तसं येत नाही. ते कायदा आपल्या मापाने शिवून घेऊन येतं. राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणात त्याला मुद्रांक शुल्कात सूट आहे, वीज शुल्कात सूट आहे. आमच्या वाडीत बिल थकलं तर तार कापतात. सूट मिळते ती ज्याला गरज नाही त्याला.

इथे 'गाव वाचवा'वाला मित्र टाळी वाजवेल. बघ, मी म्हणत होतो! थांब बाबा, टाळी वाजवू नकोस.

२५ ऑक्टोबर १९४३ ला बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि त्यांनी विजेच्या धोरण समितीसमोर भाषण केलं. मुद्दा सरळ होता. स्वस्त आणि मुबलक वीज नाही तर उद्योग नाहीत. उद्योग नाहीत तर शेतीला लोंबकळणारा हा एवढा मोठा गरीब समाज दारिद्र्यातून सुटणार नाही. आणि त्याच भाषणात त्यांनी दुसरा प्रश्न टाकला: वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी? यंत्राला त्यांचा विरोध नव्हता. यंत्र कुणाच्या हातात, हे ते विचारत होते. गावातून पळून मुंबईला गेला म्हणून आपला आजा माणसात आला. आम्हांला यंत्र पाहिजे. पण दारापुढून नुसतं गुरगुरत जाणारं नको.

यंत्र जवळ आलं म्हणजे हात लावू देतात असंही नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्यांना बंदी होती. कारण काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढायचा असे. महाराची थुंकी दुसऱ्याच्या तोंडाला लागली तर धर्म बुडेल! लाल बावट्याखाली हे चाललं होतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच जाब विचारला. तेव्हा थुंकी आड आली. आज 'स्किल' आडवं येतं, इंग्रजी आडवी येते, कुणाची तरी ओळख आडवी येते. सर्व्हर ठेवलेल्या खोलीत शिरायला बोटाचा ठसा लागतो, आणि आपलं बोट गेटवरच्या रजिस्टरात अडकून पडतं.

बरं, आत जे काम असतं ते काही ब्रह्मज्ञान नाही. वीज, जनरेटर, बॅटऱ्या, चिलर, पंप, केबल, आग विझवायची यंत्रणा. आयटीआय झालेल्या पोराला नीट शिकवलं तर तो हे करील. मागाचा जॉबर नुसत्या कानाने मशीनचं दुखणं ओळखायचा, त्याच्या पोराला चिलर जमणार नाही? शिकवत नाहीत, कारण शिकवावं लागेल असं कुणी लिहून घेतलेलं नाही.

आता जमीन. आपल्या पणज्यांनी गावची मेलेली ढोरं ओढली, सांगावे नेले, वेठ केली, त्यापोटी तुकडा मिळाला, महार वतनाचा. १९५८ च्या कायद्याने वतनं गेली. जमिनी वतनदारांना परत मिळाल्या त्या नव्या शर्तीने, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. २०२५ मध्ये पुण्यात मुंढव्याला काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. सुमारे ४० एकर महार वतनाची जमीन, सातबाऱ्यावर सरकारचं नाव. मूळ वतनदारांच्या मुखत्यारपत्रावर ती ३०० कोटींना विकली गेली. घेणाऱ्या कंपनीत त्या वेळच्या उपमुख्यमंत्र्यांच्या मुलाची भागीदारी. मुद्रांक शुल्क कोट्यवधींचं, भरले ५०० रुपये. आणि सूट मागितली कशाच्या नावाने? डेटा सेंटर उभारणार या नावाने! बोंबाबोंब झाली, नोव्हेंबरमध्ये व्यवहार रद्द करत असल्याचं जाहीर झालं, गुन्हे दाखल झाले. पण बघा, एक वीट रचली नव्हती, एक सर्व्हर लागला नव्हता. वतनाच्या जमिनीवर कोट्यवधींची सूट मिळवायला 'डेटा सेंटर' एवढे दोन शब्द पुरले.

आपल्याकडेही वतनाचे तुकडे आहेत, गायरान आहे, कातकऱ्याच्या नावावर असलेली आणि कातकऱ्याच्या ताब्यात नसलेली जमीन आहे. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. भिवंडी तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेच्या हातात अधिकार दिलेत. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हा लाखो माणसं तुरुंगात गेली, पडीक जमीन भूमिहीनांना द्या म्हणून. त्यांच्या नातवंडांनी गायरान दलालाला सोडावं? कायदे आहेत. कायद्याची आठवण करून देणारा ग्रामसभेत बसलेला नसतो.

मग पाणी. कंपनीवाले सांगतात, आमची नवी पद्धत आहे, पाणी लागतच नाही. नीट विचारा. पाण्याची वाफ करून गार करायचं तर वीज कमी जाते, पाणी जास्त जातं. हवेवर गार करायचं तर पाणी वाचतं, वीज जास्त जाते. फुकटात काहीच गार होत नाही. म्हणून आकडा मागा. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात द डॅल्स नावाचं छोटं शहर आहे. तिथली गूगलची सेंटरं किती पाणी पितात असं एका वर्तमानपत्राने विचारलं. नगरपालिकेने आकडा द्यायचा सोडून वर्तमानपत्रालाच कोर्टात खेचलं, म्हणे हे कंपनीचं गुपित. शेवटी आकडा बाहेर आला: २०२१ या एका वर्षात सुमारे १३४ कोटी लिटर, अख्ख्या शहराच्या वापराच्या पाव हिश्श्याहून जास्त. वर्तमानपत्र कोर्टात लढू शकलं, तिथे ही गत. शहापूरच्या पाड्याला कोण आकडा देणार? तिथे तर मुंबईची धरणं आणि उन्हाळ्यात पाड्यावर टँकर. धरण उशाला, कोरड घशाला. पाणी मोजायचा हक्क मागणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवू नये. २० मार्च १९२७ ला महाडला आपण तेच केलं होतं.

आणि धूर. जगातल्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज खाल्ली, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा हिशोब सांगतो. जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हे दुपटीहून जास्त होईल, असा त्यांचाच अंदाज आहे. ती वीज कुठेतरी काहीतरी जाळून येते, आणि जिथे जळतं तिथे कोण राहतं? मुंबईत ट्रॉम्बेला कोळशावरचं वीजकेंद्र आहे. शहराची भूक वाढली म्हणून तिथला कोळसा सुटत नाही, आणि त्या भुकेत आता डेटा सेंटरं आहेत. त्याच्या शेजारी रिफायनऱ्या आणि माहूल. इथली हवा माणसाच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच सांगितलं होतं. तिथे नेऊन कोंबलं कुणाला? तानसा पाइपलाइनच्या कडेच्या झोपड्या तोडून तिथल्या माणसांना. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला हुकूम द्यावा लागला, की या लोकांना महिना १५,००० रुपये भाडं द्या, दुसरीकडे राहू द्या. आपल्या तालुक्यातून जाणाऱ्या पाइपाच्या दुसऱ्या टोकाला ही माणसं होती.

अमेरिकेत मेम्फिसला बॉक्सटाउन ही काळ्यांची वस्ती आहे, गुलामीतून सुटलेल्यांनी वसवलेली. तिच्याजवळ २०२४ मध्ये इलॉन मस्कच्या कंपनीने अवाढव्य डेटा सेंटर टाकलं. वीज पुरेना म्हणून गॅसची टर्बाइनं लावली आणि परवाना हातात यायच्या आधीच चालू केली. २०२५ मध्ये एनएएसीपी ही काळ्यांची जुनी संघटना कोर्टात जायची नोटीस घेऊन उभी राहिली. १९७२ मध्ये ज्यांनी ओकलंडच्या काळ्या पोरांकडून पँथर हे नाव घेतलं, त्यांना यातलं काहीही समजावून सांगावं लागलं नसतं.

मग स्वागत करायचं की विरोध?

मित्रांनो, या दोन्ही शब्दांत जमीन लपलेली आहे. स्वागत करणारा जमिनीचा भाव बघतो. विरोध करणारा जमीनवाला पुष्कळदा भाव वाढायची वाट बघतो. नवी मुंबईत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले, जासईला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. ती लढाई खरी, ते रक्त खरं. पण टक्का जमिनीचा होता. जमीन नाही त्याचा टक्का कशावर काढायचा?

माझं उत्तर हे आहे. आपला टक्का विजेवर काढा, पाण्यावर काढा, सवलतीवर काढा. जमीन पाटलाची असेल. पण पडघ्याला उतरणारी वीज पाटलाची नाही. भातसाचं पाणी त्याचं नाही. सरकारने जे मुद्रांक शुल्क माफ केलं, वीज शुल्क सोडलं, ते सरकारच्या तिजोरीतून गेलं, आणि त्या तिजोरीत माझ्या आईने घेतलेल्या साबणाच्या वडीवरचा जीएसटीही आहे. खाजगी कंपनीत आरक्षण कसं मागता म्हणून जे हसतात त्यांना सांगा: 'पायाभूत सुविधा' म्हणून कर्ज घेताना तुम्ही सार्वजनिक होता, शुल्क माफ करून घेताना सार्वजनिक होता, मग नोकरी द्यायची वेळ आली की खाजगी कसे होता?

म्हणून कागदावर हे मागा. एक, पाणी. किती घेता तो आकडा लिटरमध्ये, दर महिन्याला, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. पिण्याच्या पाण्याचा थेंब नाही. भिवंडी-कल्याणचं सांडपाणी शुद्ध करा आणि ते वापरा. दोन, वीज. तुमच्यासाठी लागणाऱ्या तारा आणि सबस्टेशनचा खर्च आमच्या बिलात नको, आणि डिझेल जनरेटर किती तास चालले त्याची नोंद उघडी ठेवा. तीन, नोकरी. सवलत घेणाऱ्या उद्योगाने ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, हा राज्याचा जुनाच नियम आहे. पण 'स्थानिक' म्हटलं की सरपंचाचा भाचा पुढे येतो. म्हणून त्या ८० टक्क्यांत दलित-आदिवासींचा हिस्सा लिहून पाहिजे, कायम नोकरीत पाहिजे, आणि प्रशिक्षण इमारतीच्या पायाबरोबर सुरू झालं पाहिजे, उद्घाटनानंतर नाही. चार, जमीन. वतन, गायरान आणि आदिवासीची जमीन यांना हात लावायचा नाही. हे लिहून मिळालं तर येऊ दे सेंटर, आपली पोरं आत कामाला जातील. नाही मिळालं तर गेटपुढे बसू, आणि मग दगड कुणाच्या जमिनीवर पडतो हे बघणार नाही.

मागायचं कुठे, हेही नीट कळू द्या. भिवंडीभोवतीच्या साठ गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे आहे, म्हणजे बांधकामाची परवानगी एमएमआरडीएच्या कचेरीतून येते. तिथे मोर्चा न्यावा लागेल. पण घरपट्टी ग्रामपंचायत घेते, आणि ठराव ग्रामसभेत होतो. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. आपली माणसं जात नाहीत, कारण तिथे मागे बसवतात, बोलायला लागलो की हसतात. शहरात खोली घेऊन राहिलेल्या पोरांनो, तुम्ही त्या दिवशी गावी जा. आईला, चुलतीला, कातकरवाडीतल्या बायांना बरोबर घ्या, पुढच्या सतरंजीवर बसा आणि इतिवृत्तात आपलं म्हणणं लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

आणि डेटा सेंटर यायची वाट बघायचं कारण नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च केले पाहिजेत, असा नियम आहे. आपल्या पंचायती गोदामांच्या घरपट्टीवर गब्बर झाल्यात. त्या १५ टक्क्यांचं काय झालं? बौद्धवाडीचा रस्ता कुठे आहे? कातकरवाडीचा नळ कुठे आहे? जो गोदामाचा हिशोब देत नाही तो डेटा सेंटरचा देणार नाही. गेल्या दहा वर्षांचा आकडा माहितीच्या अधिकारात मागा. साधा कागद आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. सोमवारी अर्ज टाका, पोच घ्या.

जय भीम.